भांडणाची जागा

नवराबायको ट्रिपला निघाले की भांडणारच, हे अक्का धरूनच चालायच्या, आणि म्हणून त्या आधी भांडणाची जागा ठरवायच्या. जेवायचं कुठं, राहायचं कुठं, बाग आधी का देऊळ आधी, ते सगळं मागनं. हे मला दुसरं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. पण मी लग्न होऊन निपाणीहून बेंगळूरला आले ती त्यांच्याच घरात, चामराजपेटेत मागच्या दोन खोल्या आम्हाला भाड्यानं होत्या, आणि आमचे हे त्यांच्या ट्रिपांची गाडी चालवायचे, त्यामुळं मला हसायला कधी आलंच नाही. मला नुसतं पोटात जळायचं. आता मुलगी बालवाडीत जाते, अक्का हुबळीला भाचीकडं राहायला गेल्यात, तरी लिहिताना जळतंय थोडं.

त्यांचं नाव लिहीत नाही. पेटेत सगळे त्यांना अक्काच म्हणायचे, त्यांच्याहून मोठी म्हातारी माणसंसुद्धा. उंच, हाडकुळ्या, पन्नाशी कधीच उलटलेली, वरचे दात खोटे. नेसायच्या साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट. हातात पुरुषाचं घड्याळ, ते पण मनगटाच्या आतल्या बाजूला, वेळ बघायची म्हणजे हात असा उलटा करायच्या की समोरच्याला वाटावं आता काहीतरी मागणार. छत्री कायम. ऊन नाही पाऊस नाही तरी छत्री. त्यांच्या घरचे लोक तीनचारशे वर्षांपासून इथलेच, मराठी बोलायच्या पण मध्येच कन्नड, 'स्वल्प थांब', 'सरी' म्हणजे बरं, 'बेड बेड' म्हणजे नको नको. लग्न केलं नव्हतं. का नाही केलं असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "रजा मंजूर झाली नाही." कुठल्या तरी कचेरीत टायपिस्ट होत्या पूर्वी, म्हणून तसं.

ट्रिपा फक्त जोडीच्या. तेव्हा नुकते पुण्यामुंबईचे लोक कंप्युटरच्या कंपन्यांत यायला लागले होते, नवीन लग्न झालेले, इथं कुणी ओळखीचं नाही, त्यांना रविवारला जोडून सुट्टी आली की जायचं कुठं कळायचं नाही. मग एकानं दुसऱ्याला सांगून ते अक्कांच्या पुढच्या खोलीत येऊन बसायचे. कुणी म्हणलं आईबाबांना पण घेऊ, तर अक्का उठून उभ्या राहायच्या. "तिसरं माणूस आलं की ती ट्रिप नाही, ती बदली." आणि मुलं असलेल्यांना तर दारातूनच परत.

दोन दिवस शहर आणि एक दिवस द्राक्षं, असं त्यांचं ठरलेलं. द्राक्षं म्हणजे देवनहळ्ळीच्या पुढं, नंदीच्या डोंगराखाली, तिथं सगळे निळ्या द्राक्षांचे मळे आहेत आणि त्यातच एकानं वाईनचा कारखाना काढलेला. शहर आधी, द्राक्षं नंतर, हे कधी बदलायचं नाही. "उलटं केलं तर शहरात भांडतील," अक्का म्हणायच्या, "आणि ह्या शहरात भांडायला जागा कुठाय? बागेत माणसं, देवळात माणसं, हॉटेलात वेटर."

मी मागच्या अंगणात पोरीचे लंगोट धुवायची तिथून पुढच्या खोलीची बाजूची खिडकी जवळ. सगळं ऐकू यायचं. एकदा बसवनगुडीत राहणारं जोडपं आलेलं, पुण्याचं, ती मुलगी माझ्याच वयाची असेल, केस कापलेले. अक्कांनी आधी नवऱ्याला बाहेर काढलं आणि तिला विचारलं, "शेवटचं भांडण कशावरून झालं?"

"ॲक्चुअली अक्का, आमच्यात फाईट वगैरे होत नाही."

"बरं. मग शेवटचं काय झालं नाही ते सांग."

ती हसली आणि मग म्हणाली, त्याच्या आईचा रोज फोन येतो आणि हा पाऊण तास बोलतो आणि फोन ठेवल्यावर माझ्याशी बोलायला ह्याच्याकडं काही राहतच नाही. मग तिला बाहेर आणि त्याला आत. तो म्हणाला ओला टॉवेल. ती म्हणते मी ओला टॉवेल बेडवर टाकतो, दॅट्स ऑल.

ती दोघं गेल्यावर अक्का आमच्या ह्यांना म्हणाल्या, "दोघांची भांडणं वेगवेगळी निघाली. ह्यांना तासभर द्यायचा."

म्हणजे काय ते मला नंतर कळलं. देवनहळ्ळीच्या किल्ल्याच्या मागच्या अंगाला एक मोठं झाड आहे, खाली दगडी कट्टा, रस्त्यावरून दिसत नाही, आणि हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर चहाची टपरी. मळ्यातून परत येताना आमच्या ह्यांनी तिथं गाडी थांबवायची आणि म्हणायचं, "गाडी तापलीय, मॅडम. अर्धा तास लागंल." बॉनेट वर करायचं आणि टपरीवर जाऊन पाठ फिरवून बसायचं. गाडी काही तापलेली नसायची. तिसऱ्या दिवशी, द्राक्षं खाऊन, वाईनचे घोट घेऊन, उन्हात फिरून दमलेली जोडी, घरी जायची ओढ लागलेली, आणि गाडी बंद. भांडणार नाहीत तर काय करतील. आवाज चढला की चढू द्यायचा, आवाज खाली आला की टपरीवाल्यानं दोन चहा नेऊन द्यायचे, चहा संपला की गाडी थंड. अक्का म्हणायच्या, "भांडण घरी नेलं तर ते घरीच राहतं. वाटेत सांडून यावं."

चांगलं होतं की वाईट मला माहीत नाही. बऱ्याच जणी दिवाळीला मिठाई घेऊन यायच्या एवढं खरं.

माझं दुखणं दुसरंच होतं. अक्का कुठल्याही जोडीला पाठवायच्या आधी ती सगळी ट्रिप स्वतः करून बघायच्या. रंगीत तालीमच म्हणा. आणि बायकोच्या जागी बसून. नवरी जशी नेसेल तशी रेशमी साडी, डोक्यात जाईचा गजरा, कारण गजरा देवनहळ्ळीपर्यंत टिकतो का सुकतो ते बघायला पाहिजे. हॉटेलातल्या प्रत्येक खुर्चीत बसून बघायचं, खिडकीतून काय दिसतं, संडास स्वच्छ आहे का, ते तर सगळ्यात आधी, "जिथं बायकोला संडास नाही तिथं नवऱ्याला प्रेम नाही" म्हणायच्या. आणि नवऱ्याच्या जागी कोण, तर आमचे हे. मार्केटातून गजरा आणायचा ह्यांनी, कारण खरा नवरा असता तर त्यानंच आणला असता. कट्ट्यावर शेजारी बसून बघायचं, नवऱ्याच्या बाजूनं ऊन तोंडावर येतं का.

त्या अशा नटून बूट घालून गाडीत मागं बसायच्या आणि हे पुढचं दार पुसून आत बसायचे आणि गाडी निघायची, आणि गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, आणि मी दाराच्या मागं पोरीला छातीशी धरून उभी. मला आजवर ह्यांनी गजरा आणला नव्हता. एक फूल नाही. लग्न होऊन दुसरं वर्ष, मी बेंगळूरात काय बघितलं होतं, मार्केट, टोचणीचा दवाखाना आणि कोपऱ्यावरचा मारुती. आणि माझ्या नवऱ्याला माहीत होतं की कुठल्या हॉटेलच्या कुठल्या टेबलावरून सूर्य मावळताना दिसतो.

आणि बोलायचे पण त्यांचंच. घरी आले की ताटावर बसल्यापासून अक्का म्हणतात आणि अक्का म्हणतात. अक्का म्हणतात ताक जेवणाच्या आधी घ्यावं. अक्का म्हणतात गाडीत अत्तर मारू नये, बायकांना मळमळतं. मळ्यातून द्राक्षं आणायचे, ती आधी पुढच्या खोलीत जायची आणि मग उरलेली पिशवी आमच्याकडं. ती निळी द्राक्षं आंबट आणि जाड सालीची, मला आवडायची नाहीत, पण आधी माझ्याकडं आली असती तर आवडली असती.

माझी सासू म्हणजे माझी सख्खी आत्या. बाजूच्याच गल्लीत थोरल्या दिरांकडं राहायची. तिला मी एकदा बोलले.

"अगं, तिचे दात खोटे आहेत," आत्या म्हणाली.

"गजरा खरा असतो की."

"तुझ्या डोक्यात काय शिरलंय गं? ती माझ्याहून मोठी. माझ्या मुलाला काय डोळे नाहीत?"

मी काय सांगणार. मला माहीत होतं बाई म्हातारी आहे ते. पण म्हातारी असू दे नाहीतर काही असू दे, माझा नवरा माझ्याशी बोलत नव्हता आणि तिच्याशी बोलत होता. आमचं लग्न म्हणजे मामाची मुलगी, घरातल्या घरात, ह्यांना कुणी विचारलं नव्हतं तुला आवडते का. मला पण नाही विचारलं, पण मला आवडत होते. अक्कांना मात्र ह्यांनी स्वतःहून धरलं होतं. दुसऱ्या ट्रॅव्हलवाल्यानं बोलावलं तर गेले नाहीत.

मी मनात ठरवलं होतं. एकदा डोळ्यांनी बघायचं आणि माझं तिथं काही नाही असं दिसलं की पोरीला घेऊन निपाणीला निघून जायचं. भीती वाटायची, कन्नड येत नव्हतं, बोर्ड वाचता येत नव्हता, मी सातवी, तीही मराठी. पण ठरवलं होतं.

आणि अक्काच एक दिवस मागच्या दारात आल्या, छत्री टेकून उभ्या राहिल्या. "मळ्यात नवीन पायऱ्या केल्यात," म्हणाल्या. "माझा गुडघा चालत नाही. रविवारी तू चल, बायको म्हणून."

कुणाची बायको म्हणून, हे माझ्या तोंडावर आलं होतं. मी म्हणलं, पोरगी आहे.

"ठेव तिला आत्याकडं."

"नाही ठेवत. तिच्याशिवाय मी येत नाही."

अक्कांनी पोरीकडं बघितलं. तिच्या तोंडात बोट घातलं, हिरड्या चाचपल्या जशी गाय घेताना बघतात. "दात यायचेत अजून," म्हणाल्या. "दात नाहीत ते माणसांत धरत नाही. आण." आणि मग जाता जाता मागं वळून, "तुमचं शेवटचं भांडण कशावरून झालं?"

"आमचं भांडण होत नाही," मी म्हणलं.

"मग तुझं लग्न झालंय का नुसती शेजारी राहतेस?"

त्या गेल्या आणि मी दोरीवर लंगोट टाकत होते ते तसेच हातात धरून उभी राहिले. एवढं लागलं मला ते.

रविवारी मी पोरीच्या पिशवीत तिचे कपडे भरले आणि खाली माझ्या दोन साड्या घातल्या. येताना गाडी कुठं तरी बस स्टँडाजवळून जाईल, मग उतरायचं आणि मागं बघायचं नाही.

गाडीत मला वाटलं आम्ही दोघं शेजारी बसणार. पण गाडी कोण चालवणार. हे पुढं, अक्का त्यांच्या बाजूला पुढं, मी मागं एकटी मांडीवर पोरगी घेऊन. माझ्या शेजारी अक्कांनी त्यांची मोठी कातडी पिशवी ठेवली आणि म्हणाल्या, "हा तुझा नवरा. ह्याच्या बाजूनं ऊन आलं तर सांग." मी सगळी वाट त्या पिशवीशेजारी बसून गेले. पुढं ती दोघं बोलत होती, इथं रस्ता खोदलाय, तिथं नवीन दुकान झालंय, ती बसवनगुडीची जोडी कशी आहे, हे हसत होते, घरी मी हे हसणं ऐकलं नव्हतं. हेब्बाळ गेलं, मग दोन्हीकडं शेतं लागली, मग द्राक्षांचे मांडव. अक्का मधूनच मागं वळायच्या. "ऊन?" मी म्हणायची, नाही. "मळमळ?" नाही.

मळ्यातल्या नव्या पायऱ्या मी चढून दाखवल्या, पोरीला काखेत घेऊन. हे खाली उभे. अक्का खालून ओरडून विचारत होत्या, कठडा हाताला लागतो का, साडी पायात येते का. मग आत कारखान्यात, गारगार, मोठ्या मोठ्या स्टीलच्या टाक्या, आणि तिथल्या माणसानं बारक्या ग्लासात तळाशी थोडी थोडी वाईन ओतून दिली. आमच्या माहेरी दारू म्हणलं की मारहाणच आठवते, मी पोरीला घेऊन मागं सरकले. आणि बघते तर अक्कांनी घोट घेतला, तोंडात घोळवला, आणि समोरच्या स्टीलच्या बादलीत चूळ टाकतात तसा पचकन टाकला. मग ह्यांनी पण तसंच. गाडी चालवायची म्हणून हे गिळत नाहीत, नुसतं कळायला पाहिजे की कुठली आंबट, कुठली नाही. दोघं बादलीच्या दोन बाजूंना वाकून एकामागं एक, तुमची झाली का, मग माझी. एवढी सवय एकमेकांची. मला त्या बादलीचासुद्धा हेवा वाटला, खरं सांगते.

मला दिली तर मी गिळली. परक्या माणसासमोर थुंकायचं कसं. दुसरी पण गिळली. अक्का म्हणाल्या, "बायको गिळणार, हे धरून चालायला पाहिजे."

येताना कान गरम झाले होते. आणि किल्ल्याशी आल्यावर गाडी थांबली. मला वाटलं ऊनसावली बघायला थांबली असेल. अक्का उतरल्या, छत्री उघडली आणि टपरीकडं निघाल्या. हे उतरले, बॉनेट वर केलं, माझं दार उघडलं आणि रस्त्याकडं बघत म्हणाले, "गाडी तापलीय, मॅडम. अर्धा तास लागंल."

आणि निघाले अक्कांच्या मागनं.

मी कट्ट्यावर बसले. शेजारी पिशवी. सवयीनं ह्यांनी ती पण माझ्या बाजूला आणून ठेवली होती. झाडाखाली मी, मांडीवर पोरगी आणि माझा नवरा म्हणून ती कातडी पिशवी, आणि खरा नवरा दुसऱ्या बाईबरोबर चहा प्यायला चाललाय. मी हाक मारली. लग्न झाल्यापासून मी ह्यांना एवढ्या मोठ्यानं कधी हाक मारली नव्हती.

"अहो. कुठं निघालात?"

हे थांबले. "टपरीवर. तिथं बसायचं असतं."

"मग मी भांडू कुणाशी? ह्या पिशवीशी?"

हे अक्कांकडं बघायला लागले. अक्कांनी मागं बघितलं नाही, हात उलटा करून घड्याळ बघितलं आणि चालत राहिल्या. मग हे परत आले, पण लांबच उभे राहिले.

"भांडायचंय काय तुला?"

"गजरा."

"कसला गजरा?"

"जाईचा. मार्केटातला. अक्कांना आणता तो."

"अगं ते कामाचं आहे."

"मग मला कामाचा पण कधी आणला नाहीत."

"तुला विचारलं होतं की मी. आल्या आल्या विचारलं होतं, बाजारातून काय आणू का. तू म्हणालीस काही नको."

"आल्या आल्या मागायचं असतं होय?"

"मग मला कळणार कसं?"

"अक्कांचं कसं कळतं?"

"त्या सांगतात." आता ह्यांचा पण आवाज चढला. "ह्या दुकानातून आण, एवढा लांब आण, ओला आणू नको. घशात काय लागतंय, पाठीत कुठं दुखतंय, सगळं सांगतात. तू काय सांगतेस? तू दारामागं उभी राहतेस. मला काय दार वाचता येतं?"

मी म्हणलं तुम्हाला मी नकोच होते, मामाला नाही म्हणता आलं नाही म्हणून केलंत. म्हणलं आणि बघते, तर हे लगेच 'तसं नाही' म्हणाले नाहीत. बॉनेटकडं बघत राहिले.

"हो," म्हणाले. "तसंच केलं. मामाला कोण नाही म्हणतंय."

तेवढ्यात पोरगी ओली झाली आणि रडायला लागली. हे पुढं आले, तिच्या पिशवीत लंगोट शोधायला हात घातला आणि माझी साडी बाहेर आली. मग दुसरी. हे दोन्ही हातात धरून उभे.

"ह्या कशाला?"

"निपाणीला जायला."

"कुणाबरोबर?"

"बसनं."

"स्टँड माहीत आहे तुला?"

"नाही."

"बोर्ड वाचता येतो?"

"विचारत विचारत गेले असते."

"आणि ही?"

"ही माझ्याबरोबर."

ह्यांनी साड्या कट्ट्यावर टाकल्या आणि माझ्या मांडीवरनं पोरीला उचलून घेतलं, ओलीच्या ओली, शर्टाला लावून. म्हणाले, "तेव्हा मामासाठी केलं, ते केलं. आता मी घरी येताना गल्लीच्या तोंडापासून हॉर्न देत येतो. चपला आपटतो. पाणी पितो तर तांब्या वाजवतो. तू कधी उठतेस का? झोपलेली असतेस भिंतीकडं तोंड करून. मी काय समजायचं?"

"मी झोपलेली नसते."

"मग?"

"तुम्ही झोपायची वाट बघत असते. मग उठून शर्टाचा वास घेते."

"कशाला?"

"कुणाचा येतोय बघायला."

हे माझ्याकडं बघायला लागले. "मग कुणाचा येतो?"

"पेट्रोलचा," मी म्हणलं, आणि मला रडायलाच आलं, आणि हे पोरीला हलवत हलवत कट्ट्यावर बसले, मध्ये पिशवी होती ती उचलून खाली ठेवली.

टपरीवाला दोन चहा घेऊन आला. म्हणजे आवाज खाली आला होता, आम्हाला नाही कळलं, अक्कांना लांबून कळलं. त्या टपरीवर पाठ करून बसल्या होत्या, उन्हात नव्हत्या तरी छत्री उघडी.

चहा झाल्यावर त्या आल्या आणि मला विचारलं काय, तर, "कट्टा तापतो का? सावली पुरते का दोघांना?" मी म्हणलं, कट्टा तापतो. "मग घोंगडी ठेवायला पाहिजे," म्हणाल्या. आमच्या तोंडाकडं बघितलंसुद्धा नाही. गाडीचं मागचं दार उघडून स्वतः आत बसल्या आणि पिशवी शेजारी ओढून घेतली. "तू पुढं बस, मला इथून मागचं ऊन बघायचंय." तशी मी चामराजपेटेपर्यंत पुढं बसून आले. बस स्टँड वाटेत लागला का नाही मला आठवत नाही.

त्यानंतर काय सगळं गोड झालं असं नाही. मार्केटातून ह्यांनी गजरा आणला, आणि त्यावर आमचं खरं दुसरं भांडण झालं, कारण अक्कांना आणतात तो लांब होता आणि हा आखूड. पण माझ्या डोक्यात दुसरंच शिरलं होतं. त्या शनिवारी बसवनगुडीची ती जोडी निघणार होती, त्या केस कापलेल्या मुलीसाठी आमचे हे त्याच झाडाखाली बॉनेट वर करणार, आणि ती माझ्या जागेवर बसणार. मला ते सहन होईना. मी पुढच्या खोलीत गेले, पहिल्यांदा पुढच्या दारातून.

"अक्का, ती जागा दुसऱ्यांना देऊ नका."

"कुठली?"

"किल्ल्याची. झाडाखालची."

त्यांनी चष्मा काढला. "अगं, तशी जागा नाही दुसरी. सावली आहे, टपरी आहे, जवळच्या घरात संडास आहे. ती शोधायला मला किती हिंडावं लागलं."

"असू दे. आता ती आमची आहे."

अक्का चष्मा पदराला पुसत राहिल्या. मला वाटलं आता भाड्याच्या खोल्या सोडा म्हणणार. पण त्या म्हणाल्या, "सरी. त्या जोडीला मी तळ्याकाठी थांबवते." मग छत्रीच्या मुठीवरून हात फिरवत, "आणि मी गेले तर? एकटीच. तालीम नाही, काही नाही. नुसती बसायला."

मी विचार केला. म्हणलं, "एकट्या गेलात तरी गाडी कोण चालवणार? हेच ना?"

"हो."

"मग नाही."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या, आणि मग त्यांच्या खोट्या दातांसकट हसल्या. त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी त्या निघाल्या, साधी साडी, बूट, छत्री. हे दारात गाडी पुसत होते, म्हणाले, "अक्का, किल्ल्यापर्यंत सोडू का?" अक्कांनी आमच्या दाराकडं बघितलं. मी पोरीला घेऊन तिथं उभी होते.

"बेड," त्या म्हणाल्या. "मी बसनं जाते."

आणि त्या वळणावरून दिसेनाशा होईपर्यंत मी बघत राहिले, आणि हे हातातलं फडकं थांबवून कुणीकडं बघतायत, तेही बघत राहिले.